जनरेटर तापून बंद पडतोय? व्हॅनिटी आणि मोटरहोमवाल्यांसाठी सविस्तर दुरुस्ती

एप्रिल महिना, मुंबईत मढला एका बंगल्यावर शूटिंग. तीन दारांची व्हॅनिटी, म्हणजे कलाकारांची मेकअप-विश्रांतीची गाडी, कुंपणाच्या भिंतीला लागून उभी. सकाळी सातला जनरेटर सुरू केला की पावणेआठच्या आसपास तो बंद पडणार, हे ड्रायव्हरकाकांना पाठच झालं होतं. अर्धा तास थांबायचं, बटण दाबायचं, पुन्हा तेच. गाडी माझ्याकडे आली तोवर थर्मोस्टॅट (इंजिन गरम झालं की रेडिएटरकडे पाणी सोडणारा व्हॉल्व्ह) बदलून झाला होता, टेम्परेचर स्विच नवीन बसला होता, रेडिएटरही एकदा उघडून साफ केलेला होता. काका म्हणाले, "दादा, आता इंजिनच खोलायचं म्हणतायत. एकदा तुम्ही बघा, मग ठरवू."

दोष सापडला तो इंजिनात नव्हताच. जनरेटरच्या डब्याला आतून आवाज दाबणारा फोम चिकटवलेला असतो. आपल्या दमट हवेत त्याचा गोंद सुटला होता, फक्त वरची कड तेवढी धरून होती. जनरेटर बंद असताना फोम आपल्या जागी गुमान लटकलेला दिसायचा. जनरेटर चालू होऊन पंख्याने हवा ओढली की तो पडद्यासारखा आत खेचला जायचा आणि हवा येण्याच्या तोंडावर जाऊन बसायचा. दार उघडून बघायला जावं तर ओढ संपायची आणि फोम परत जागेवर. प्रत्येक मिस्त्रीने दार उघडूनच बघितलं होतं, म्हणून कोणालाच तो दिसला नाही. मी डब्याच्या बाजूच्या वायरिंगच्या भोकातून मोबाइलचा कॅमेरा आत घातला, व्हिडिओ सुरू केला आणि जनरेटर चालू करायला सांगितलं. दहा सेकंदांत उत्तर मिळालं.

ही गोष्ट आधी सांगितली, कारण मोटरहोममधल्या जनरेटरचं सगळं दुखणं तीत आहे. लग्नाच्या मंडपामागे उघड्यावर ठेवलेला जनरेटर चारी बाजूंनी श्वास घेतो. आपला जनरेटर गाडीच्या पोटात, पत्र्याच्या खोक्यात बसवलेला असतो. त्याला एका ठरावीक वाटेने हवा मिळते आणि दुसऱ्या ठरावीक वाटेने ती बाहेर जाते. यातली एक वाट जरी अर्धी बुजली तरी इंजिन ठणठणीत असूनही तापतं. म्हणून माझा क्रम असा असतो: आधी लोड, मग हवा, मग कुलंट (इंजिन थंड ठेवणारं रंगीत पाणी) किंवा फिन्स (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पातळ पट्ट्या), मग तेल, इंधन आणि सायलेन्सर, आणि अगदी शेवटी सेन्सर. बहुतेक ठिकाणी हा क्रम उलटा चालतो. सेन्सर बदलणं सगळ्यात सोपं, म्हणून सुरुवात तिथूनच होते आणि मालकाचे पैसे जातात.

हात लावण्याआधी

जनरेटर बंद करा. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, नाहीतर रिमोटवरून किंवा ऑटो-स्टार्टने तो तुमचा हात आत असताना सुरू होईल. बाहेरून लाइट जोडली असेल तर तो प्लग काढा आणि इन्व्हर्टर बंद करा, कारण चेंजओव्हर (बाहेरची लाइट आणि जनरेटर यांत अदलाबदल करणारा स्विच) सदोष असेल तर उलटा करंट जनरेटरच्या टर्मिनलवर येतो. इंजिन किमान पाऊण तास थंड होऊ द्या. गरम रेडिएटरची कॅप कधीही उघडू नका. कॅप दाब धरून ठेवते म्हणून आतलं पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. कॅप सैल केली की दाब जातो, सगळं एकदम उकळतं आणि तोंडावर येतं. मी भाजलेले हात बघितलेत, म्हणून हे जोर देऊन सांगतो.

दुसरी गोष्ट धुराची. डिसेंबर २०२४ मध्ये केरळात वडकरा इथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅरव्हॅनमध्ये दोघांचा जीव गेला. जनरेटरचा कार्बन मोनॉक्साइड आत शिरला होता. या वायूला वास नाही, रंग नाही. तापणाऱ्या जनरेटरमध्ये एक्झॉस्टचा जोड सुटलेला असणं ही नेहमी दिसणारी गोष्ट आहे, तेव्हा तपासणी करताना गाडीत कोणी झोपलेलं, मेकअपला बसलेलं नको. गाडीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म नसेल तर या लेखातलं बाकी काहीही करण्याआधी तो बसवा.

खरंच तापतोय का, हे आधी ठरवा

बंद पडणारा प्रत्येक जनरेटर तापलेला नसतो. कसा बंद पडतो ते नीट बघा.

एकदम, बटण दाबल्यासारखा बंद झाला आणि पॅनेलवर टेम्परेचरचा दिवा लागला, तर तापल्याची शक्यता मोठी. आचके देत, आवाज खाली-वर होत मेला तर इंधन पोचत नाहीये: फिल्टर, पंप, किंवा गरम झालेल्या पाइपात पेट्रोलची वाफ. तेलाचा दिवा लागला तर पातळी किंवा दाब बघा. इंजिन चालूच आहे पण गाडीतली लाइट गेली, तर ब्रेकर पडलाय किंवा अल्टरनेटरच्या, म्हणजे वीज तयार करणाऱ्या भागाच्या, बाजूला काम आहे. पेट्रोल जनरेटरमध्ये इग्निशन कॉइल गरम झाली की स्पार्क सोडते आणि थंड झाली की पुन्हा देते. हे दुखणं तापण्यासारखंच दिसतं. बंद पडल्या पडल्या प्लग काढून स्पार्क तपासला की फरक कळतो.

एक इन्फ्रारेड थर्मामीटर (लांबूनच तापमान दाखवणारा) आणि एक क्लॅम्प मीटर (वायरभोवती अडकवून करंट मोजणारा) एवढी दोन हत्यारं घ्या. लोहार चाळीत किंवा लॅमिंग्टन रोडला सहज मिळतात. चमकत्या धातूवर इन्फ्रारेड थर्मामीटर चुकीचं, बहुधा कमी तापमान दाखवतो. म्हणून मोजायच्या जागेवर काळ्या टेपचा तुकडा लावा किंवा काळ्या रंगाचा ठिपका मारा आणि दर वेळी तिथेच मोजा. फार गरम जागी टेप टिकत नाही, तिथे उष्णता सोसणारा रंगच हवा.

लोड: किलोवॅट वेगळे, केव्हीए वेगळे

केव्हीए म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर, हजारात; त्यातला जेवढा हिस्सा खऱ्या कामाचे किलोवॅट होतो तो पॉवर फॅक्टर. जनरेटरच्या पाटीवर ५ केव्हीए आणि ०.८ पॉवर फॅक्टर लिहिलं असेल, तर त्याचा अर्थ अल्टरनेटर २३० व्होल्टला साधारण २१.७ अँपिअर सोसतो, पण इंजिन ४ किलोवॅटच ओढू शकतं. इथे बरेच जण फसतात. गीझर, इस्त्री, हेअर ड्रायर यांचा पॉवर फॅक्टर जवळजवळ १ असतो. असा लोड लावून क्लॅम्प मीटरवर २० अँपिअर दिसले तर "मर्यादेतच आहे" असं वाटतं. प्रत्यक्षात इंजिनावर ४.६ किलोवॅट पडलेले असतात. ब्रेकर पडत नाही, इंजिन मात्र तापत जातं.

आता गाडीतली उपकरणं मोजा. दीड टनाचा एसी चालताना दीड ते पावणेदोन किलोवॅट घेतो, सुरू होताना कितीतरी जास्त करंट खेचतो. गीझर २ किलोवॅट. मायक्रोवेव्ह सव्वा-दीड. हेअर ड्रायर एक ते दीड. सकाळच्या शिफ्टला हे सगळं एकाच अर्ध्या तासात सुरू होतं. मुंबईच्या उन्हात सततचा लोड पाटीवरच्या आकड्याच्या ७०-७५ टक्क्यांवर ठेवा. गीझर आणि मायक्रोवेव्ह एका वेळी चालणार नाहीत असा टू-वे स्विच बसवा. खर्च किरकोळ आहे आणि अर्धी तक्रार तिथेच संपते.

तपासणी साधी आहे: सगळे एसी बंद करून फक्त दिवे-पंख्यांवर जनरेटर एक तास चालवा. तापला नाही तर गाडं लोडवर किंवा कमी पडणाऱ्या हवेवर अडलंय. एवढ्या हलक्या लोडवरही तापला तर कुलिंगमध्ये ठळक दोष आहे.

हवेची वाट: इथे वेळ घालवा

या कामाला मी निम्मा दिवस देतो. तुम्हीही द्या.

गाडी नेहमी जशी उभी असते तशीच उभी करा. सावलीतल्या हवेचं तापमान मोजा, मग जनरेटर लोडवर अर्धा तास चालवून हवा आत येते त्या जाळीपाशी साधा थर्मामीटर टांगा. दोन्हींत पाच अंशांपेक्षा जास्त फरक दिसला तर बाहेर फेकलेली गरम हवाच परत आत ओढली जातेय. मढच्या त्या गाडीत फोमच्या जोडीला हेही होतं. गरम हवा बाहेर पडायची ती बाजू कुंपणाच्या भिंतीपासून जेमतेम वीतभर लांब होती. हवा भिंतीवर आपटून चेसिसखालून परत जाळीकडे येत होती. मुंबईत जागा मिळत नाही हे मला कळतं, तरी त्या बाजूला किमान एक मीटर मोकळं ठेवा. फिल्मसिटीत दोन व्हॅनिटी पाठीला पाठ लावून उभ्या राहतात आणि एकीची गरम फुंकर दुसरीच्या जाळीत जाते. अशा वेळी गाडी तोंड फिरवून लावली तरी दुखणं जातं.

आणखी एक चक्र बघा, ते फार कमी लोक बघतात. एसीचं आउटडोअर युनिट जनरेटरच्या डब्याशेजारीच बसवलेलं असेल आणि जनरेटरची गरम हवा त्यावर जात असेल, तर एसीला उष्णता फेकायला जास्त जोर लावावा लागतो. त्याचा करंट वाढतो, म्हणून जनरेटरचा लोड वाढतो, म्हणून हवा आणखी गरम होते. मध्ये पत्र्याचा एक आडोसा लावून हवा खाली वळवली तरी क्लॅम्प मीटरवर फरक दिसतो.

आता डब्याकडे. डिझेल जनरेटरला एक मीटर अंतरावर ७५ डेसिबलची मर्यादा आहे, म्हणून डबा फोमने मढवलेला असतो आणि तो असायलाच हवा. फोमची प्रत्येक कड बोटाने दाबून बघा. सुटलेला असेल तर नुसता गोंद लावून परत चिकटवू नका, पुढच्या पावसाळ्यात तो पुन्हा सुटेल. वर भोकांचा पत्रा ठेवून रिव्हेट मारा, किंवा निदान दर वीतभर अंतरावर मोठा वॉशर आणि स्क्रू लावा. फोम आग न धरणाराच घ्या. गादीचा स्पंज लावलेले डबे मी पाहिलेत. सायलेन्सरपासून चार बोटांवर असा स्पंज म्हणजे गाडीला आग लागायची तयारी.

जाळी बघा. डास येतात म्हणून कोणीतरी मागे बारीक मच्छरजाळी लावलेली असते. ती धुळीने भरली की हवा जाईनाशी होते. काढून टाका आणि उंदीर येणार नाहीत एवढ्याच मोठ्या भोकांची वेल्डेड जाळी लावा. उंदरांचं सांगायचं तर, महिनाभर गाडी उभी राहिली की चिंध्या आणि थर्माकोलच्या तुकड्यांचं घरटं पंख्याच्या काउलमध्ये, म्हणजे पंख्यावरच्या पत्र्याच्या आवरणात, सापडणं नित्याचं. बाहेरून टॉर्च मारून ते दिसत नाही, काउल उघडावंच लागतं.

शेवटी कागदाची चाचणी करा. जनरेटर चालू असताना टिश्यू पेपरची पट्टी आत येणाऱ्या हवेच्या जाळीवर धरा. ती घट्ट चिकटून राहिली पाहिजे. दहा मिनिटांनी पुन्हा धरा. ओढ कमी झाली असेल तर आत काहीतरी हलतंय: फोम, सैल पत्रा, घसरणारा बेल्ट.

एअर-कूल्ड जनरेटर असेल तर

छोट्या मोटरहोममध्ये बहुधा पेट्रोलवर चालणारा एअर-कूल्ड जनरेटर असतो. २०२१ मध्ये राज्याचं कॅरव्हॅन पर्यटन धोरण आल्यानंतर घरगुती कॅरव्हॅन करून घेणारे वाढले, त्यांच्याकडेही हाच. यात फ्लायव्हीलचा पंखा हवा फेकतो आणि पत्र्याचं काउल ती हवा सिलिंडरच्या फिन्समधून नेतं. काउलचे स्क्रू काढून ते पूर्ण उतरवा. फिन्समध्ये तेलकट धुळीचा गच्च थर दिसेल, बाहेरच्या बाजूला नाही, तर हेडच्या मागे, एक्झॉस्टजवळ. लाकडी काडी आणि नायलॉनच्या ब्रशने तो काढा, मग हवा ज्या दिशेने जाते त्याच्या उलट दिशेने ब्लोअर मारा. तेलकट असेल तर डिग्रीजर लावून पुसा. प्रेशर वॉशर नको, पाणी अल्टरनेटरमध्ये आणि कॉइलमध्ये शिरतं.

फिन्सवर तेल आलं कुठून, हेही शोधा. टॅपेट कव्हरचं गॅस्केट किंवा ब्रीदर पाइप बहुधा गुन्हेगार निघतो. तो न बदलता साफसफाई केली तर तीन महिन्यांत तोच थर परत जमेल.

काउल बसवताना प्रत्येक पत्रा, प्रत्येक रबरी पट्टी परत जागेवर गेली पाहिजे. "एवढा छोटा तुकडा काय करणार" म्हणून बाजूला ठेवलेला पत्राच हवेला फिन्समधून जायला भाग पाडत असतो. तो नसला की हवा सोपी वाट धरते आणि सिलिंडरला वाराच लागत नाही.

वॉटर-कूल्ड असेल तर

आधी रेडिएटर बाहेरून. वर्सोवा, मढ, गोराई या बाजूला नेहमी उभ्या राहणाऱ्या गाड्यांत समुद्राचा खारा वारा फिन्स खाऊन टाकतो. कोपऱ्यातल्या एका फिनवर नखाने हलकं खरवडा. पांढरी भुकटी पडली आणि फिन पापडासारखी मोडली तर धुऊन उपयोग नाही. नळ्यांना चिकटून नसलेली फिन उष्णता घेतच नाही. कोअर बदला. कुर्ल्याला सीएसटी रोडवर रेडिएटरचं काम करणारे आहेत, जुना रेडिएटर घेऊन जा आणि तेवढ्याच जाडीचा, तेवढ्याच ओळींचा कोअर मागा. स्वस्तात कमी ओळींचा मिळतो आणि दुखणं कायम राहतं.

फिन्स चांगल्या असतील तर पंख्याच्या बाजूने बाहेरच्या दिशेने, साध्या पाइपच्या धारेने धुवा. समोरून जोरात मारलेलं पाणी कचरा आणखी आत ठोकतं आणि फिन्स वाकवतं.

आता कुलंट. थंड इंजिनावर कॅप उघडा आणि बोट बुडवून बघा. स्वच्छ रंगीत असेल तर ठीक. चहासारखा तांबूस असेल तर आत गंज आहे. सेटवर पातळी कमी झाली की हाताशी असेल ते पाणी ओतलं जातं, आणि ते बहुधा टँकरचं किंवा बोअरचं असतं. त्यातले क्षार गरम भिंतीवर पापुद्र्यासारखे बसतात. हंड्याच्या बुडाला बसतात तसेच, फक्त इथे ते खरवडता येत नाहीत. सगळं काढा, कंपनीने सांगितलेल्या फ्लशने एकदा चालवून काढा, साध्या पाण्याने दोनदा धुवा. शेवटी कुलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मे-निम्मे भरा, किंवा तयार मिसळलेलं कुलंट जसंच्या तसं घ्या. वेगवेगळ्या जातीचे कुलंट एकत्र करू नका, काही जोड्यांचा चिखल होतो.

भरताना हवा अडकते. गाडीच्या पोटात बसवलेल्या जनरेटरचा रेडिएटर बऱ्याचदा इंजिनापेक्षा खाली असतो, म्हणून इथे हवेचा बुडबुडा हा नेहमीचा त्रास. ब्लीड स्क्रू असेल तर तो सैल करून कुलंटची अखंड धार येईपर्यंत थांबा. नसेल तर गाडी अशी लावा की भरायचं तोंड सगळ्यात उंच येईल, आणि कॅप उघडी ठेवून, इंजिन थंडच असताना सुरू करून थर्मोस्टॅट उघडेपर्यंत हळूहळू भरत राहा. कुलंट उसळायच्या आत कॅप लावा.

थर्मोस्टॅट काढून फेकून देणं हा आपल्याकडचा जुना उपाय. तो करू नका. थर्मोस्टॅटशिवाय काही इंजिनांत बायपास उघडाच राहतो, गरम पाणी रेडिएटरला न जाताच फिरतं आणि इंजिन जास्तच तापतं. त्याची परीक्षा घरी होते. पातेल्यात पाणी घ्या, थर्मोस्टॅट दोऱ्याने टांगा, तळाला टेकू देऊ नका, शेजारी थर्मामीटर धरा. त्याच्यावर ८२ छापलं असेल तर ८२ अंशांच्या आसपास तो उघडायला लागला पाहिजे आणि पाणी उकळायच्या आत पूर्ण उघडला पाहिजे. अडखळत उघडला तर बदला.

कॅपचं रबर बघा, चिरलं असेल तर कॅप बदला. त्यावर लिहिलेला दाब जुन्या कॅपइतकाच हवा. खालचा होज दाबून बघा. मऊ पडलेला होज इंजिन वेगात असताना पंपाच्या ओढीने चपटा होतो आणि थांबल्यावर परत गोल दिसतो. मढच्या फोमचाच हा भाऊ. बेल्ट अंगठ्याने दाबल्यावर साधारण एक सेंटिमीटर जावा. वॉटर पंपाखालच्या छोट्या भोकातून कुलंटचा ओघळ दिसला तर पंपाचं सील गेलं.

हे सगळं नीट असूनही कुलंट कमी होत असेल, कॅपपाशी सतत बुडबुडे येत असतील, ऑइल दुधी झालं असेल, तर हेड गॅस्केट गेलंय. इथे थांबा आणि काम मशीन शॉपवाल्याकडे द्या. हेड वाकलंय का ते सरळपट्टीवर मोजल्याशिवाय नवीन गॅस्केट लावणं म्हणजे पैसे पाण्यात.

तेल, इंधन, सायलेन्सर

तेलाची पातळी गाडी सपाट जागी असतानाच बघा. फिल्मसिटीतल्या चढावर उभ्या गाडीची तेल मोजायची काडी खोटं बोलते. कमी तेल इंजिन तापवतंच, पण जास्त भरलेलं तेलही तापवतं, कारण क्रँक त्यात आपटून फेस होतो. ग्रेड मॅन्युअलप्रमाणेच घ्या. डिझेलला बहुतेक ठिकाणी १५डब्ल्यू-४० चालतं. तास मोजायचं मीटर नसेल तर बसवा, कारण जनरेटर किलोमीटरवर नाही तर तासांवर जगतो. रोजच्या बारा तासांच्या शिफ्टला १०० तास नऊ दिवसांत होतात आणि मालकाला वाटतं, "सर्व्हिसिंग तर आत्ताच केलं".

पेट्रोल जनरेटर पातळ मिश्रणावर चालला की तापतो. कार्बोरेटरच्या मेन जेटमध्ये डिंक बसला, की पेट्रोल कमी आणि हवा जास्त. लोडवर असताना चोक किंचित ओढून बघा. इंजिन सुधारलं, आवाज भरीव झाला, तर मिश्रण पातळ आहे. कार्बोरेटर उतरवून जेट क्लीनरने आणि हवेने साफ करा, तार घालून भोक मोठं करू नका. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, म्हणून पावसाळ्यात टाकीत महिनोन्महिने पेट्रोल ठेवू नका.

डिझेलवाल्यांनी एअर फिल्टर आधी बघावा. काळा धूर आणि तापणं एकत्र असेल तर हवा कमी पडतेय किंवा लोड जास्त आहे. टॅपेटची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाची) फट थंड इंजिनावर फीलर गेजने, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी, मॅन्युअलच्या आकड्याला लावा.

सायलेन्सरमध्ये काजळी भरली की धूर अडतो आणि उष्णता आतच राहते. पेट्रोल जनरेटरच्या सायलेन्सरच्या टोकाला ठिणगी अडवणारी जाळी असते, ती काढून तारेच्या ब्रशने घासा. एक्झॉस्टच्या प्रत्येक जोडावर काळा डाग शोधा. डाग म्हणजे गळती, आणि गळती म्हणजे डब्यात उष्णता आणि गाडीत विषारी वायू, दोन्ही. पाइपाला उष्णता रोखणारी पट्टी गुंडाळा, टोक गाडीच्या कडेच्या बाहेर काढा, खिडकीखाली नाही. आणि जनरेटरच्या वर गाडीच्या फ्लोअरमध्ये जिथून वायर आणि पाइप आत जातात, ते प्रत्येक भोक आग न धरणाऱ्या सीलंटने बुजवा.

अल्टरनेटर आणि सेन्सर

इथे फार बघायचं नाही. अल्टरनेटरच्या हवेच्या खिडक्या साफ करा, टर्मिनल आवळा. फ्रिक्वेन्सी मोजा: लोड नसताना ५२ हर्ट्झच्या आसपास, पूर्ण लोडवर ४९-५० असेल तर गव्हर्नर (इंजिनाचा वेग सांभाळणारा भाग) ठीक आहे. इन्व्हर्टर जातीच्या जनरेटरला हा हिशेब लागू नाही. जळक्या वार्निशचा वास येत असेल तर वाइंडिंगवाल्याकडे न्या.

टेम्परेचर स्विचवर संशय असेल तर जनरेटर बंद पडण्याच्या क्षणी स्विचच्या शेजारच्या धातूवर काळ्या ठिपक्यावरचं तापमान मोजा. स्विच १०० अंशांचा आहे आणि धातू ८० वरच असेल, तर स्विच खोटा. कितीही घाई असली, शॉट लागलेला असला, तरी त्या स्विचला वायर जोडून जनरेटर चालवू नका. तो स्विच तुमचं इंजिन वाचवत असतो.

दोन तासांची परीक्षा

दुरुस्ती झाली की भर दुपारी, संध्याकाळी नाही, पाटीच्या ७५ टक्के लोड लावा. गीझरला पाणी फिरतं ठेवून किंवा हीटर लावून लोड सहज मिळतो. दर दहा मिनिटांनी वहीत लिहा: बाहेरचं तापमान, आत येणाऱ्या हवेचं, बाहेर जाणाऱ्या हवेचं, कुलंटचं किंवा हेडचं, व्होल्ट, हर्ट्झ, अँपिअर. पहिली तीस-चाळीस मिनिटं आकडे चढतील, मग एका पातळीवर थांबले पाहिजेत. तासाभरानंतरही कुलंट दर वेळी एक-दोन अंश चढतच असेल तर काम अजून बाकी आहे, गाडी परत देऊ नका. मढची गाडी दुपारी बाराला लावली. कुलंट ९१ अंशांवर आलं आणि दोन वाजेपर्यंत ९१-९२ वरच राहिलं. तो कागद मी डब्याच्या दाराला आतून चिकटवला. पुढच्या वेळी कोणी काही मोजलं तर तुलना करायला आकडे हवेत.

बंद करताना आधी लोड काढा, तीन-चार मिनिटं रिकामा चालू द्या, मग बटण दाबा. एकदम बंद केला की पंखा थांबतो आणि हेडमधली उष्णता तिथेच कोंडते.

वर्षाचं वेळापत्रक

मुंबईत तीन वेळा डबा पूर्ण उघडा. फेब्रुवारीअखेर, कारण मार्च-एप्रिलमध्ये पूर्वेकडून वारे सुटले की पारा ३८ च्या पुढे जातो. मेच्या शेवटी, पावसाआधी. आणि सप्टेंबरच्या शेवटी, ऑक्टोबरच्या उकाड्याआधी, तेव्हा फोमचा गोंद आणि गंज दोन्ही बघायचे. गाडी नुसती उभी असेल तर महिन्यातून एकदा अर्धा तास, निम्म्या लोडवर चालवा.

आणि पावसाळ्यात पाणी उडतं म्हणून जनरेटरच्या बाजूवर निळी ताडपत्री बांधतात, ती बांधू नका. त्याऐवजी आत येणाऱ्या हवेच्या जाळीवर खाली उतरतं झाकण बसवा, पत्र्याचं, जाळीपासून चार बोटं पुढे आलेलं आणि खालून पूर्ण उघडं. कोणताही पत्रेवाला तासाभरात करून देतो. बसवल्यावर कागदाची पट्टी धरून एकदा ओढ तपासा आणि मगच पावसात गाडी पाठवा.